माशांना चारलेलं नाव

नागपूर,
९ सप्टेंबर १९७३

प्रिय जयाताई,

मावशीला नमस्कार सांग, पण हे पत्र तिच्या हाती पडू देऊ नकोस.

आज मी ज्या घरी गेले होते, त्या घराबद्दल लिहायला दोनदा पेन उचललं आणि दोनदा खाली ठेवलं. झालं असं, की आमच्या प्राणिशास्त्राच्या बाईंनी मला बुधवारी बोलावलं. धंतोलीतल्या एका डॉक्टरांकडे माशांची काचेची टाकी आहे, तिच्यात सारखं शेवाळ धरतं, दोन माणसं येऊन पाहून गेली पण गुण आला नाही, म्हणाल्या. कॉलेजातली टाकी तू स्वच्छ ठेवतेस, तर रविवारी जाऊन बघ. कागदावर पत्ता आणि डॉक्टरांचं आडनाव होतं. ते आडनाव आपल्याकडे गावोगाव आहे, म्हणून माझ्या मनात काही आलं नाही. दार उघडलं शोभाताईंनी.

होय, त्याच. चार वर्षांपूर्वी ज्यांनी तुझ्या कपाळी कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला, आणि दोन महिन्यांनी आपल्या मुलाची, केशवची, सोयरीक दुसरीकडे जुळवून ‘मुलीच्या पाठीवर कोड आहे’ असं नात्यात सांगत फिरल्या. तुझ्या कुंकवाच्या फोटोत त्या तुझ्या शेजारी बसल्या आहेत, त्यावरून मी ओळखलं. मी तेव्हा टायफॉइडनं घरी पडून होते, म्हणून त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही. आडनावही वेगळं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. हे खोटं झालं का, याचा विचार मी परतताना बसमध्ये करत होते.

टाकी अडीच फूट लांब आहे, लोखंडी चौकटीची. केशवच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली. दवाखाना घराच्या पुढच्या भागात आहे आणि पेशंट वाट पाहत बसतात तिथेच ती ठेवली आहे. चार सोनमासे आणि सहा काळ्या मोली आहेत, असं मला सांगण्यात आलं. मला दिसले दोन. यवतमाळकडची एक म्हातारी बाकावर बसली होती. ती म्हणाली, “डॉक्टरसाहेबानं काचेत पालक लावला काय वं?”

सगळे हसले. केशवची बायको नीला दारात उभी होती, ती हसली नाही. ती शोभाताईंना म्हणाली, “पाहिलं आई? माझ्या बाबांनी दिलेल्या वस्तूची ही दशा केली तुमच्या घरानं.” शोभाताईंची मान खाली गेली.

जयाताई, मला त्या वेळी जे वाटलं ते चांगलं नव्हतं. मी पुन्हा जाऊ की नको, ते तू सांग.

तुझी,
देवकी

•

काटोल,
१३ सप्टेंबर १९७३

देवके,

जाऊ की नको म्हणून विचारतेस? जा! पायात चप्पल न घालता धावत जा!

चार वर्षं मी वाट पाहिली, की त्या बाईच्या घरात शिरायला मला एक फट मिळावी. आणि देवानं तुलाच आत पाठवलं, जी मुंगीवर पाय पडला तर तिची माफी मागते. असो, जे मिळालं ते मिळालं.

चंपतकाका मंगळवारी नागपूरला येणार आहेत. त्यांच्याजवळ एक पुडी देते. निळे खडे आहेत, मोरचूद. आम्ही संत्र्याच्या बुंध्यांना चुन्यात कालवून लावतो ते. शेवाळावर रामबाण आहे, आमच्या बागेतल्या हौदावर बाबा कधीकधी चिमूटभर टाकतात. तू चिमूटभर टाकू नकोस. मूठभर टाक. शेवाळही जाईल आणि त्या सासऱ्याचे सोनमासे उलटे होऊन तरंगतील. पेशंटांनी पाहावं, सुनेनं पाहावं, आणि सासूनं उत्तर द्यावं.

मी का एवढी पेटले आहे ते तुला पुरतं ठाऊक नाही. अकरा ठिकाणं आली आणि गेली. मागच्या महिन्यात वरूडचे लोक आले, पोहे खाल्ले, आणि निघताना त्यांच्यातली एक बाई आईला बाजूला नेऊन म्हणाली, “आमच्या कानावर काही आलं आहे, पोरीले एकदा डॉक्टरले दाखवा.” आई दोन दिवस जेवली नाही.

आता आर्वीचं एक ठिकाण आहे. रुपराव नाव, शाळेत मास्तर आहेत. तुळशीचं लग्न झालं की येणार. हे बारावं. मी सत्तावीस वर्षांची आहे, देवकी. तेरावं येणार नाही.

पुडी जपून घे. हात धू.

जया

•

नागपूर,
२३ सप्टेंबर १९७३

प्रिय जयाताई,

पुडी मिळाली. ती माझ्या ट्रंकेच्या तळाशी आहे आणि तिथेच राहील. रागावू नकोस. माशांनी तुझं काही वाकडं केलेलं नाही.

पण मी जाणं सोडलं नाही. तीनदा जाऊन आले आणि मला एक कोडं पडलं आहे. शेवाळाला दोनच गोष्टी लागतात, उजेड आणि खाणं. टाकीवर पूर्वेच्या खिडकीचं ऊन पडत होतं, मी त्या बाजूच्या काचेला जाड खाकी कागद लावला. ट्यूबलाइट दिवसभर जळायची, ती सहा तासांवर आणली. दाढीच्या पात्यानं काचा खरवडल्या, तिसरा हिस्सा पाणी काढून बादलीत दोन दिवस निवळलेलं पाणी भरलं, चार गोगलगायी सोडल्या. माशांना दिवसातून एकदा, चिमूटभरच खाणं घालायचं, असं कागदावर लिहून भिंतीला लावलं. एवढं केल्यावर दहा-बारा दिवसांत पाणी निवळायला हवं होतं. आज गेले तर पुन्हा हिरवं, आणि वर आंबूस वास.

त्या घरातलं बोलणं मी तुला लिहू नये, पण लिहिते. नीलावहिनी म्हणाल्या, “आई, तुम्ही दुपारभर त्या टाकीपाशी काहून बसून राहता? हात लावला काय?” शोभाताई म्हणाल्या, “मी काहून हात लावू? माशाले पाहत बसते, जीव रमते.” त्यावर त्यांचे यजमान मधुकरराव वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “तिच्या नजरेनंच हिरवे होऊन राहिले ते.” मला हसू आलं आणि मी टाकीकडे तोंड फिरवलं.

आता एक विचारते, त्याचं सरळ उत्तर दे. बाबांनी मला सातवीपर्यंत घरी शिकवलं तेव्हा वहीच्या डाव्या पानावर पाहिलेलं लिहायचं आणि उजव्या पानावर अंदाज, असा त्यांचा नियम होता. ती सवय मोडत नाही. शोभाताईंनी तुझ्या पाठीबद्दल जे सांगितलं ते निव्वळ रचलेलं होतं ना? तू एकदा लिहिलंस की मी जे करीन ते निर्धास्त मनानं करीन.

देवकी

•

काटोल,
२८ सप्टेंबर १९७३

देवके,

सरळ उत्तर हवं ना? घे. ती बाई आमच्या घरी मोजून अर्धा तास होती. मी लांब बाह्यांचं पोलकं घातलं होतं आणि डोक्यावरून पदर होता. तिनं माझे दोन हात आणि तोंड पाहिलं, बस. पाठ तिनं पाहिली नाही. तिच्या बापानं पाहिली नाही. कोणाला विचारलंही नाही. मनानं रचलं आणि पानाच्या डब्याबरोबर घरोघर फिरवलं. लिही तुझ्या डाव्या पानावर.

मोरचूद टाकायचं नसेल तर नको टाकू. पण मग त्यांचं पाणी निवळूही नकोस. हिरवंच राहू दे. आलेल्या-गेलेल्यानं विचारू दे. माझ्या नावावर चार वर्षं शेवाळ चढलं तेव्हा खरवडायला कोण आलं होतं?

जया

•

नागपूर,
११ ऑक्टोबर १९७३

प्रिय जयाताई,

शेवाळाचं खाणं सापडलं. हे पत्र बसून वाच.

माझं प्रॅक्टिकल रद्द झालं म्हणून मी रविवारऐवजी आज, गुरुवारी गेले. रबरी नळीनं तळाचा गाळ ओढत होते तर नळीत पांढरं काहीतरी अडकलं. काढून बशीत घेतलं. कणकेची गोळी होती, बोराएवढी, फुगून बुळबुळीत झालेली. फोडली तर आत घडी केलेली चिठ्ठी. केशवच्या औषधं लिहायच्या कागदाचा तुकडा होता तो. पेन्सिलीनं लिहिलेलं, म्हणून पाण्यानं पुसलं नव्हतं. एका बाजूला ‘राम’. दुसऱ्या बाजूला ‘जया’.

मी तळाचे खडे बाजूला केले. खाली आणखी अकरा होत्या. प्रत्येकीत तुझं नाव.

स्वयंपाकाच्या पार्वतीबाई चहा घेऊन आल्या. माझ्या हातातली बशी पाहून त्यांनी दाराकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “बाईले सांगू नोको मी सांगितलं म्हणून. गुरुजीनं लावून देल्लं हाय. रोज एकवीस गोळ्या.”

“काहून?”

“सूनबाईचं दोनदा पोट पडलं नं, माय. गुरुजी म्हणे, कोण्या पोरीचा तळतळाट हाय तुमच्या घरावर. तिचं नाव आत अन् रामाचं वर, असं माशाले चारा. खरं तं तलावात चाराचं असते. पण डॉक्टरची माय कणीक घेऊन तलावावर बसली तं लोकं हासतीन. म्हणून घरच्याच डबक्यात टाकून राहिली. मासे का खातात वं एवढं? दोन खातात, बाकी सडते. बाई राती चाळणीनं काढते, तू याच्या आधी तं पुरंच साफ; आज तू अवचित आली.”

तर हे असं आहे. दहा मासे आणि रोज एकवीस गोळ्या. त्या कणकेवर शेवाळ पोसलं जातंय.

मला नीलावहिनींबद्दल फार वाईट वाटलं. शोभाताईंबद्दल नाही. चार वर्षं त्यांना ठाऊक आहे, की कोणाचं काय केलं. क्षमा मागायला काटोल चाळीस मैलांवर होतं, आणि त्यांनी ती मागितली सोनमाशांजवळ.

आणि आता माझं ऐक. मी कारण ओळखलं, पण त्या घरात कोणाला सांगितलं नाही. चिठ्ठ्या टिपकागदात दाबून वाळवल्या आणि माझ्या प्रॅक्टिकलच्या वहीत ठेवल्या. आज मी मागची काच स्वच्छ केली आणि पुढची, जी पेशंटांना दिसते, ती तशीच सोडली. हवेची नळी वाढवून दिली, म्हणजे माशांना श्वास कमी पडणार नाही. वीस मिनिटं उभी राहून पाहिलं, एकही मासा वर येऊन तोंड उघडत नव्हता. पाणी हिरवं ठेवायचं आणि मासा मरू द्यायचा नाही, हे पाणी स्वच्छ ठेवण्यापेक्षा अवघड काम आहे. पण ते मला जमेल असं वाटतं. जमतंय याचा आनंदही होतोय आणि त्या आनंदाची मला भीती वाटते.

पुढे काय करायचं ते तू सांग. नाव तुझं आहे.

देवकी

•

काटोल,
१४ ऑक्टोबर १९७३

देवकी,

तुझं पत्र बागेत जाऊन वाचलं. घरात वाचलं असतं तर ओरडले असते.

माझं नाव कणकेत कालवून माशांना चारते! म्हणजे पुण्य तिला, नातू तिला, आणि मी माशाच्या पोटातून तिला माफ करायचं? नाही करत, जा!

आता नीट लिहिते ते नीट कर. ज्या घरी तिनं ते सांगितलं त्या घरी तिनं कळवायचं, की मी रचून सांगितलं होतं. अशी नऊ घरं मला ठाऊक आहेत, पत्ते मागच्या पानावर आहेत. त्यात आर्वीचं घर आहे. रुपरावांची आत्या शोभाताईच्या माहेरच्या नात्यातली, तिच्या कानात तिनंच ओतलं आहे. बाकी आठ घरं मागून गेली तरी चालतील, आर्वीचं तुळशीच्या लग्नाआधी पोचलं पाहिजे.

आणि पाकीट नको. पोस्टकार्ड. पाकीट ज्याचं त्यानं फोडावं आणि ज्याचं त्यानं गिळावं. कार्ड पोस्टमास्तर वाचतो, पोस्टमन वाचतो, ज्याच्याकडे द्यायचं तो घरी नसला तर शेजारी वाचतो. माझी बदनामी बंद पाकिटातून गेली नव्हती.

सहावारी नेसून, चष्मा लावून, स्वतःच्या हातानं लिहू दे तिला. नाही म्हणाली तर चिठ्ठ्या सुनेपुढे ठेव.

जया

•

नागपूर,
२२ ऑक्टोबर १९७३

प्रिय जयाताई,

झालं. नऊ कार्डं आज सकाळी मी स्वतः टाकली. आर्वीचं पहिलं टाकलं.

काल दिवाळीच्या खरेदीला केशव, नीलावहिनी आणि मधुकरराव सीताबर्डीला गेले होते. दवाखाना बंद. शोभाताई टाकीपाशी बसल्या होत्या, पदराखाली वाटी. मी आत गेले तशी वाटी पाठीमागे सरकली.

मी म्हटलं, “काकू, वाटी राहू द्या समोर. मला ठाऊक आहे.”

“काय ठाऊक आहे वं तुले?”

मी वही उघडली. बारा चिठ्ठ्या टेबलावर ओळीनं मांडल्या. एक खाली पडली, ती त्यांनीच उचलली. वाचली.

“नीलाले दाखवलं?” त्यांनी विचारलं.

“अजून नाही.”

“पोरी, तुले का पाहिजे? साडी घे. तुह्या कॉलेजच्या बाईले सांगतो, तुले—”

“मी जयाची मावसबहीण आहे.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जयाताई. तुझा चेहरा माझ्यात शोधत होत्या. मग म्हणाल्या, “मंग एवढे दिवस शेवाळ काढून राहिली का लावून राहिली?”

मला खोटं बोलता आलं नाही. “आधी काढत होते. गेले दहा दिवस ठेवत होते,” मी म्हटलं.

त्या हसल्या, खरंच हसल्या. म्हणाल्या, “तरी म्हटलं, एवढी शिकलेली पोरगी अन् पाणी काहून निवळत नाही.” आणि मग एकदम रडायला लागल्या. “मी काही पाहिलं नव्हतं वं तिचं. कुंकू लावलं अन् महिन्याभरात नीलाच्या बापाचा निरोप आला. नाही म्हणायले काहीतरी कारण लागते. पैशासाठी मोडलं म्हटलं असतं तं आमचीच अब्रू गेली असती. कोड म्हटलं की कोणी पुढं इचारत नाही. एकदा सांगितलं अन् मंग तेच सांगत गेली. वाटलं, पोरीचं होऊन जाईन कुठीतरी.”

“नाही झालं,” मी म्हटलं. “माशांना सांगून काय होणार? ज्यांना सांगितलं त्यांना सांगा.”

मी कार्डं काढली. कार्डं पाहून त्यांचा चेहराच उतरला. “पाकिटात लिहितो नं. जयाच्या बापाले लिहितो, पाया पडतो म्हणून लिहितो. कार्डावर नोको. पुऱ्या गावात बोभाटा होईन.”

“झाला होता एकदा,” मी म्हटलं. हे मी बोलले यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

त्या लिहायला बसल्या. पहिल्या कार्डावर त्यांनी लिहिलं, ‘जयाच्या अंगावर तीळभरही डाग नाही.’ मी ते खोडायला लावलं. म्हटलं, “तुम्ही पाहिलं नाही, तर आहे म्हणू नका आणि नाहीही म्हणू नका. केलं तेवढंच लिहा.” त्यावर त्या चिडल्या, “मी भलं लिहून राहिली तं तेही तुले चालत नाही!” पण दुसरं कार्ड घेतलं. शेवटी नऊही कार्डांवर हेच आहे, मी नक्कल ठेवली आहे:

‘चार वर्षांपूर्वी काटोलच्या जयाच्या पाठीवर कोड आहे असे मी आपल्याकडे सांगितले. मी तिची पाठ कधी पाहिली नव्हती. केशवसाठी दुसरी सोयरीक आली, मोडायला कारण हवे होते, म्हणून ते मी मनाने रचले. मी फार वाईट केले. शोभा.’

पाचव्या कार्डाला त्यांचं बोट दुखू लागलं. मी थांबू दिलं नाही. मला त्या प्रत्येक ओळीत गोड लागत होतं. ही गोष्ट मी बाबांना कधी सांगू शकणार नाही.

मग मी टाकीचं काम केलं. गोळ्या बंद, अर्धं पाणी बदललं, सगळ्या काचा खरवडल्या आणि टाकीवर जाड चादर टाकली. चार दिवस उजेड नाही, खाणं नाही. मासे तेवढं सोसतात, शेवाळ सोसत नाही. शोभाताई म्हणाल्या, “मरणार तं नाहीत?” मी म्हटलं, “नाही.” चिठ्ठ्या मी त्यांना परत दिल्या.

देवकी

•

काटोल,
११ नोव्हेंबर १९७३

माझी देवकी,

काय लिहू आणि काय नको! कार्डं पोचली, आणि अशी पोचली की मी स्वतः घेऊन गेले असते तरी तेवढी पोचली नसती. वरूडला पोस्टमननं ओट्यावर उभं राहून वाचलं. कारंज्याला सुताराच्या दुकानात वाचलं गेलं. ज्या बाईनं आईला ‘डॉक्टरले दाखवा’ म्हटलं होतं, ती परवा बाजाराच्या दिवशी येऊन आईच्या गळ्यात पडली. आईनं तिला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, आई, शाब्बास.

आर्वीहून काल निरोप आला. रुपराव, त्यांची आई सुभद्राबाई आणि आत्या पुढच्या आठवड्यात बुधवारी येणार, कुंकू लावूनच जाणार. लग्न मार्गशीर्षात.

धंतोलीला म्हणे शोभाताई आता घराबाहेर पडत नाहीत. भिशीला गेल्या नाहीत, हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. चंपतकाकांनी सांगितलं. मी ते दोनदा सांगायला लावलं.

आता तुला एक सांगते, कारण माझ्यासाठी तू जे केलंस ते सख्ख्या बहिणीनं केलं नसतं, आणि तुझ्यापासून लपवून मला आता घास गोड लागत नाही. माझ्या पाठीवर डाग आहे. डाव्या खांद्याच्या खाली, सुपारीएवढा. बारा वर्षांची होते तेव्हापासून आहे. वाढला नाही, कमी झाला नाही. आईला ठाऊक आहे आणि मला. आणखी कोणाला नाही.

शोभाताईला ठाऊक नव्हतं. तिनं डोळे मिटून दगड मारला आणि तो बरोबर तिथेच लागला. विचार कर, मला तेव्हा काय झालं असेल. चार वर्षं मी खोटं आहे, खोटं आहे म्हणून ओरडत होते, आणि आरशात पाठ पाहत होते. म्हणून तर मी तिला सोडणार नव्हते.

तू रागावणार. पण मी तुला लिहिलेला एक शब्द खोटा नव्हता. तपासून बघ.

जया

•

नागपूर,
१५ नोव्हेंबर १९७३

जयाताई,

तपासलं. तुझी चारही पत्रं पुढ्यात घेऊन तपासली. तू लिहिलंस, ‘पाठ तिनं पाहिली नाही.’ मी विचारलं होतं दुसरंच. तुला ठाऊक होतं मी काय विचारतेय, आणि मी तुझ्या उत्तरावर विसंबून एका म्हाताऱ्या बाईला रडताना पाहिलं आणि तिचं बोट दुखत असताना तिला थांबू दिलं नाही.

डाग असण्यात काही वाईट नाही. तो कोणाला लागत नाही, त्यानं काही दुखत नाही, हे मी शास्त्र शिकते म्हणून नव्हे, तर कोणीही डोकं असलेलं माणूस म्हणून सांगते. तू मला पहिल्या पत्रात सांगितलं असतंस तरी मी त्यांच्याकडून हीच कार्डं लिहून घेतली असती. त्यांनी केलं ते वाईटच होतं. नक्कल पुन्हा वाचली. तिच्यात एक शब्द खोटा नाही. पण ती तशी आहे ती मी ‘तीळभरही डाग नाही’ हे खोडायला लावलं म्हणून, तुझ्यामुळे नव्हे.

आता रुपराव. त्यांनी ते कार्ड वाचून हो म्हटलं आहे. कार्डात डाग नाही असं लिहिलेलं नाही, पण त्यांनी तसंच वाचलं असणार, जसं मी तुझं पत्र वाचलं. लग्नाआधी तू त्यांना सांग. मार्गशीर्ष लागायच्या आत सांग. नाही सांगितलंस तर दहावं कार्ड मी लिहीन, आर्वीच्या पत्त्यावर, माझ्या अक्षरात. कार्डच लिहीन. कसं लिहायचं ते मी तुझ्याकडूनच शिकले.

हे पत्र मी आत्ताच पेटीत टाकून येते.

टाकीचं पाणी निवळलं आहे. दहाही मासे आहेत.

देवकी

•

काटोल,
२ डिसेंबर १९७३

देवकी,

तुझं पत्र वाचून मी तुझ्या नावानं काय काय बोलले ते लिहीत नाही. आठ दिवस तुझं नाव घरात काढू दिलं नाही. वाटलं, मोरचुदाची पुडी तुझ्याजवळ आहे ती परत मागवावी आणि तुझ्याच पाण्यात टाकावी. नववीपर्यंत माझ्या वेण्या धरून चालणारी पोरगी मला धमकी देते!

मग मार्गशीर्ष तीन दिवसांवर आला आणि मला कळलं, की तू खरंच लिहिशील.

बुधवारचं कुंकू मी तापाचं निमित्त करून पुढे ढकललं होतं. चंपतकाकांना घेऊन आर्वीला गेले. मुलीनं लग्नाआधी मुलाच्या घरी जायचं नसतं म्हणून आई रडली. रुपराव शाळेतून आले होते, अंगावर खडू. मी अंगणात उभं राहूनच सांगितलं. त्यांनी हातावरचा खडू झटकला आणि विचारलं, “त्या बाईले हे ठाऊक होतं?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग ती खोटंच बोलली होती.”

“हो.”

“अन् तुम्ही?”

मी पदर सावरला. ते म्हणाले, “माह्या आईले तुम्हीच सांगा. मी सांगितलं तं तिले वाटन, मी आता मागं सरकून राहिलो.”

सुभद्राबाईंनी मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. म्हणाल्या, “दाखव.” मी पाठ फिरवली. त्यांनी बोट ठेवून पाहिलं, मग पदर माझ्या खांद्यावरून ओढून दिला. “एवढंसं?” म्हणाल्या. “हे तं हळदीच्या न्हाण्यात सगळ्या बाया पाहतीनच. तवा कुजबुज होण्यापरीस तू आताच सांगितलं ते बेस केलं. पण चार साल लपवलं ते बेस नाही केलं. मले पुन्हा असं चालणार नाही.” मी मान खाली घालून ऐकून घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

लग्न चौदा तारखेला आहे. तुला माफ केलेलं नाही, पण चार दिवस आधी ये, आईला हाताखाली कोणीतरी हवं.

आणि एक काम तुझ्याकडे आहे, ते तुला करावंच लागेल, कारण त्यात खोटं काही नाही. सोबत एक लग्नपत्रिका वेगळी ठेवली आहे. ती शोभाताईला तू हातोहात दे. सांग, जयानं हळदीला बोलावलं आहे, तेरा तारखेला सकाळी. पाच सवाष्णींपैकी तिला एक धरलं आहे, मी आईला तसं सांगून ठेवलंय. नाही म्हणाली तर म्हण, नऊ घरी माफी मागितली, दहाव्या घरी यायला काय हरकत आहे. येईल ती. सुनेसाठी तरी येईल.

न्हाण्याला बसल्यावर माझ्या पाठीला हळद तिनंच लावायची आहे. डाव्या खांद्याखाली तिचा हात थांबेल. सगळ्या बाया बघत असतील, सगळ्यांना आधीच ठाऊक असेल, माझी सासू समोर बसलेली असेल. जे तिनं न पाहता गावभर सांगितलं, ते एकदा डोळ्यांनी पाहावं, आणि तोंडातून शब्द न काढता पूर्ण पाठीला हळद लावून उठावं.

तेवढं झालं की तिचं-माझं मिटलं.

जया